टीव्ही चालू, आवाज बंद

आमच्या घरात पासष्ट इंची टीव्ही आला तेव्हा मी विरोधात होते. विरोधात असणं हे माझं रोजचंच काम आहे. आम्ही काही जण मिळून पत्रकं काढतो. नदीकाठच्या काँक्रीटवर, झाडतोडीवर, वरातीतल्या डीजेवर. पत्रकाची रीत अशी की पहिल्या ओळीत बोट दाखवायचं, दुसरीत सवाल विचारायचा, तिसरीत मागणी करायची. बसस्टँडवरचा घाईतला माणूस त्यापुढे वाचत नाही. घरातही मी तेच केलं. एवढ्याशा खोलीत एवढा टीव्ही कशाला? कुणाला दाखवायचाय? जुना चालतोय, तो चालू द्या.

पप्पांनी माझ्या तोंडाकडे बघत सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चपला घातल्या. "येतेस का दुकानात?" एवढंच म्हणाले.

पप्पा नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. भल्या मोठ्या यंत्राखाली लोखंडी पत्रा सरकवायचा, यंत्र दाणकन खाली यायचं, आणि पत्रा गाडीचा एखादा भाग होऊन बाहेर पडायचा. अख्खी नोकरी त्यात गेली आणि आता ते रिटायर झाले होते. मला वाटलं, रिकाम्या माणसाची हौस आहे. कारखाना आयुष्य घेतो आणि बदल्यात टीव्हीचा हप्ता देतो, असं एक वाक्यही माझ्या डोक्यात तयार झालं होतं.

दुकानातल्या सेल्समननं आम्हाला हिरवे पोपट दाखवले, धबधबे दाखवले, चमच्यावरून ओघळणारा मध दाखवला. मग आवाज वाढवून म्हणाला, थिएटर आहे काका, थिएटर. पप्पा म्हणाले, बातम्या लावा आणि आवाज बंद करा. त्याला ते पटेना. आवाजाचंच तर सगळं कौतुक होतं. पण पप्पा आमच्या घरात सोफा टीव्हीपासून जेवढा लांब, तेवढं अंतर मोजून मागे सरकले, कमरेवर हात ठेवले आणि बातम्या देणाऱ्या बाईकडे बघत राहिले. या टीव्हीवर, मग त्या टीव्हीवर, मग शेजारच्या.

"तोंड माणसाएवढं दिसलं पाहिजे," ते म्हणाले.

"यात तर माणसापेक्षा मोठं दिसतं, काका."

"मग हाच द्या."

फिटिंगवाला आला त्या दिवशी आईनं ताट तयार ठेवलं होतं. तिनं कुंकवाचं बोट पडद्याकडे नेलं तसा तो ड्रिल टाकून मध्ये आला. मावशी, स्क्रीनला हात नको. शेवटी हळदकुंकू खोक्याला लागलं. तो खोका अजून माळ्यावर आहे, कुंकवासकट. मग पप्पांनी फिटिंगवाल्याशी वेगळाच वाद घातला. सोफ्याच्या मागच्या भिंतीवरची ट्यूबलाइट त्यांना काढून टीव्हीच्या वर लावून हवी होती. तो म्हणाला, अहो, बसणाऱ्याच्या डोळ्यांवर येईल. पप्पा म्हणाले, येऊ दे.

टीव्ही वाईट नव्हता, हे मी कबूल करते. आईनं पहिल्याच दिवशी पाककृतीच्या कार्यक्रमातल्या बाईच्या नखात अडकलेलं पीठ शोधून काढलं आणि त्यावर तिचे चार दिवस मजेत गेले. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. ती दमून यायची आणि जमिनीवर उशी टाकून समुद्राखालचे मासे बघत पडायची. तिच्या तोंडावर निळा उजेड हलायचा. मीही बसायचे तिच्याशेजारी. एवढ्या मोठ्या माशाला नावं ठेवायला मलाही जमेना.

पप्पांचं बघणं मात्र विचित्र होतं. घरात कुणी नसलं की ते आवाज बंद करून बघायचे. दुसऱ्या भाषेतून मराठीत आणलेला सिनेमा लागला की चिडायचे, खोटं बोलतात हे सगळे म्हणायचे आणि चॅनेल बदलायचे. मॅचमध्ये कॅप्टन बॉलरजवळ जाऊन काहीतरी पुटपुटला की हे एकटेच खदखदून हसायचे. आणि रोज संध्याकाळी चर्चेचे कार्यक्रम. पडद्यावर चार चौकटी, चौकटीत चार माणसं, चौघंही एकाच वेळी तोंड उघडलेली. मी या कार्यक्रमांवर पत्रक काढलेलं आहे. त्याचं शीर्षक होतं 'चर्चा नव्हे, कोंबड्यांची झुंज'. ते पत्रक आमच्याच घरात, टीव्हीखालच्या कप्प्यात, रिमोटखाली पडलेलं असायचं.

मग एक दिवस स्थानिक बातम्यांत आमचं आंदोलन दाखवलं. झाडांसाठी आम्ही पालिकेसमोर उभे होतो. क्षणभर मी दिसले, दारापेक्षा रुंद तोंडाची, घोषणा देताना. पण वर बातमी सांगणाऱ्याचाच आवाज होता, आमचा एक शब्द ऐकू येत नव्हता. मी चिडून म्हणाले, बघा, आमचा आवाज कसा दाबतात.

"'सावली कुणाच्या बापाची' म्हणत होतीस," पप्पा म्हणाले.

ती घोषणा आम्ही त्याच सकाळी जुळवली होती. घरात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"दिसलं की."

त्या दिवशी त्यांनी थोडं सांगितलं, जेवताना, आमटी भुरकत. प्रेस शॉपमध्ये यंत्रं चालू असताना माणसाचा आवाज पोचतच नाही. म्हणून तिथं सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात, आणि जे ओठांवर दिसत नाही त्याला हातांच्या खुणा असतात. पोट चोळलं की डबा. खांद्यावर दोन बोटं टेकवली की साहेब आला. एका हाताची मूठ आणि तिच्यावर दुसऱ्या हाताचा पंजा दाबला, की मशीन थांबव. ही शेवटची खूण दिसली की कुणी का म्हणून विचारत नाही, आधी थांबवतात आणि मग विचारतात. पप्पांना ते सांगताना मजा वाटत होती. अजूनही त्यांचा जुना जोडीदार रस्त्याच्या पलीकडे दिसला की दोघं मध्ये ट्रॅफिक वाहत असताना आरामात गप्पा मारतात.

जे त्यांनी सांगितलं नाही ते आईनं सांगितलं. मी तिच्याजवळ मेथी निवडायला बसले होते आणि बाहेरच्या खोलीत त्या चार चौकटी मुक्यानं भांडत होत्या. मी म्हणाले, रोज काय बघतात हे?

"सराव करतायत," आई म्हणाली. "बैठकीत चार जण एकदम बोलतात ना. टीव्हीवर पण चार जण एकदम बोलतात."

ताईचं लग्न ठरत होतं. स्थळ पिंपळगाव बसवंतचं, घरची द्राक्षबाग, मुलगा तिथल्याच एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला. मुलगा-मुलगीनं एकमेकांना पसंत केलं होतं. आता दोन्हीकडची माणसं बसून बोलणी करणार आणि सगळं जुळलं की सुपारी फोडणार. सुपारी फुटली की शब्द पक्का. आणि मुलीचा बाप म्हणून आमच्या बाजूनं शब्द देणार होते पप्पा, ज्यांना दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

आमच्या घरात याला पप्पांचं लक्ष नसणं म्हणत. नातेवाईक त्याला भोळेपणा म्हणत. काही वर्षांपूर्वी नांदगावकडे माझ्या चुलतबहिणीची अशीच बैठक होती. घरातले थोरले म्हणून पप्पांना मध्ये बसवलं होतं. मुलाकडच्यांनी विचारलं, लग्न आमच्या गावाला करायचं का? भोवती सगळे एकदम बोलत होते. पप्पांनी, ते नेहमी करायचे तशी, हसून मान हलवली. बैठकीत थोरल्यानं मान हलवली की ठरलं. माझ्या काकांना मुलगी आपल्या दारातून उजवायची होती, आजारी आजीच्या डोळ्यांसमोर. ते राहून गेलं. तेव्हापासून काका कुठल्याही घोळक्यात म्हणायचे, आमच्या दादाला विचारा, तो लगेच हो म्हणतो. सगळे हसायचे. पप्पाही हसायचे.

त्यांनी भोळा म्हणवून घेतलं, बहिरा म्हणवून घेतलं नाही. कारण बहिऱ्या कामगाराला मशीनवरून काढतात. कारखान्यात कान तपासायचे तेव्हा पप्पा तपासणाऱ्याचा हात कधी हलतो ते बघून बटण दाबायचे. कानात घालायचे बोळे कपाटात कुलपात असायचे आणि बाहेरून तपासायला कुणी येणार असेल त्या दिवशी वाटले जायचे. आईकडून हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी डीजेच्या आवाजावर पत्रक काढलं होतं, त्यात लहान मुलांचे कान होते, म्हाताऱ्यांचे होते, चिमण्यांचेसुद्धा होते. मी तशीच बाहेर गेले, पप्पांच्या समोर उभी राहिले आणि म्हणाले, यावर पत्रक काढायचं. आजच.

"माझ्या कानांवर काही काढायचं नाही," ते म्हणाले. "आधी मोठीचं होऊ दे. वडील बहिरे म्हटलं की लोक विचारतात, घराण्यात आहे का. उद्या पोरांना होईल का. एकदा तोंडातून गेलं की संपलं."

मला उत्तर येत होतं. मला कायम येतं. पण त्यांनी टीव्हीकडे तोंड वळवलं, आणि त्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ बोलणं बंद असा होतो.

बैठक रविवारी ठेवली. सकाळपासून खोलीची मांडामांड चालली. सोफा, उसन्या आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सतरंजी. आमच्या खोलीत कशीही खुर्ची ठेवली तरी ती टीव्हीकडेच तोंड करते, कारण दुसरीकडे बघण्यासारखं काही नाही. सगळं लावून झाल्यावर पप्पांनी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणलं, टीव्हीच्या बरोबर खाली ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसून पाहिलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील, आई, मामा आणि मुलगा. मामा मार्केटात कांद्याचे व्यापारी, पांढरे कडक कपडे, सोफ्याचं टोक त्यांनी धरलं. आमच्याकडून काका. काका पप्पांना म्हणाले, दादा, तिकडं कुठं बसतोस, मॅच दिसायची नाही. पप्पा म्हणाले, माझी बघून झाली. मग माझ्याकडे वळले.

"टीव्ही चालू ठेव. आवाज बंद."

मला राग आला. ताईच्या आयुष्याचं बोलणं चाललंय आणि मॅच कसली लावायची? पण रिमोट दाबला. आणि मग दिसलं. सगळी माणसं टीव्हीकडे बघायला लागली, म्हणजे पप्पांच्या डोक्याच्या जरा वर. एकही पाठ त्यांच्याकडे नव्हती. वरच्या ट्यूबचा आणि एवढ्या मोठ्या हिरव्या मैदानाचा उजेड सगळ्यांच्या तोंडांवर पडला होता. प्रेसखाली पत्रा हलू नये म्हणून तो आधी पक्का धरून ठेवतात, तशी पप्पांनी सगळी तोंडं धरून ठेवली होती.

बोलणी सुरू झाली. तारखा, हॉल, कोणाकडे किती माणसं येतील. मानपानाचा विषय निघाला तेव्हा मी तोंड उघडणार होते, आईनं दंडाला चिमटा काढला. पप्पा प्रत्येकाला बरोबर उत्तर देत होते. दोघं एकदम बोलले तर हात वर करून म्हणायचे, आधी तुम्ही. काका त्यांच्याकडे दोन-तीनदा नवलानं बघत राहिले. मग पप्पांनी स्वतःच विचारलं, मुलीच्या नोकरीचं काय? पिंपळगावहून रोज नाशिकला जाणंयेणं होईल, चालेल ना?

"करू द्या की," मुलाचे वडील म्हणाले. "आमचं काय म्हणणं नाय. शिकलेली पोरगी हे, घरात बसून काय करील."

सगळ्यांना बरं वाटलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिचे खांदे जरा सैल झाले. काकांनी सुपारीच्या ताटासाठी हात पुढे केला. ताट माझ्या हातात होतं. तेवढ्यात मामा मुलाच्या वडिलांकडे जरा झुकले आणि मॅचवरची नजर न हलवता काहीतरी पुटपुटले. मी हाताच्या अंतरावर होते. वर पंखा फिरत होता. मला एक शब्द ऐकू आला नाही.

पप्पांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डावी मूठ वळली आणि तिच्यावर उजवा पंजा दाबला.

मी ताट मागे घेतलं.

"मामा," पप्पा म्हणाले, "आत्ता तुम्ही यांना म्हणालात, हो म्हणून टाका. वर्षभरात पाळणा हलला की नोकरी आपोआप सुटती. असंच म्हणालात का? मी चुकत असेन तर सांगा. ओठ कधीकधी फसवतात."

मुलाचे वडील खाली बघायला लागले. काका घाईनं म्हणाले, दादा, कुणी काही बोललंच नाही रे. पण मामांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"मी तर यांच्या कानात बोललो," मामा म्हणाले. "तुम्हाला तिथं ऐकू आलंच कसं?"

आता पप्पांना दोन वाटा होत्या. मी आपलं अंदाजानं म्हणालो, असं हसून ते विषय टाळू शकले असते. भोळ्या माणसाला लोक सोडून देतात, आणि त्यांना त्याची सवय होती. त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

"ऐकू नाही आलं. मला ऐकूच येत नाही. प्रेसवर गेले दोन्ही कान. मी बघून ऐकतो." मग ते काकांकडे वळले. "नांदगावलासुद्धा मला ऐकू आलं नव्हतं. मी नुसती मान हलवली होती."

 पडद्यावर कुणीतरी बाद झालं, सगळा संघ धावत एकत्र आला, आणि खोलीत कुणी तिकडे बघितलं नाही. सगळे पप्पांकडेच बघत होते, आणि आता टीव्हीमुळे नव्हे.

मामा म्हणाले, असं चोरून बघायचं असतं व्हय. तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवरून मुलगा उठला. त्यानं खुर्ची ओढत पप्पांच्या समोर आणली आणि नीट त्यांच्यासमोर बसला. काका, घरात असं बोलणं झालं होतं, तो पप्पांना म्हणाला. मी तिथंच होतो आणि गप्प बसलो होतो.

"मग घरी जाऊन बोला," ताई दारातून म्हणाली. "तुमचं बोलून झालं की या. मी थांबते."

सुपारी फुटली नाही. चहा झाला, मामांनी घेतला नाही. पाहुणे गेल्यावर काका मागे राहिले. ते पप्पांच्या समोर येऊन बसले.  दादा, तू सांगायचं होतंस, ते म्हणाले. पप्पा म्हणाले, काय सांगायचं होतं?  जाताना काकांनी पप्पांचा हात धरून तो थोडा हलवला, जसं कुणाला झोपेतून उठवावं तसं.

पुढचे काही दिवस घर जड होतं. आई धरून चालली होती की लग्न मोडलं. एका आत्याचा फोन आला, तिच्यापर्यंत घराण्यात दोष असल्याची बातमी पोचली होती. पप्पांनी टीव्ही लावला नाही. तो भिंतीवर काळा, नुसताच मोठा, आणि त्यात आम्ही सगळे येताजाता अस्पष्ट दिसायचो. ताई मात्र रोज वेळेवर लॅबला जायची. माशांऐवजी ती संध्याकाळी पप्पांच्या समोर बसायची आणि दिवसभराचं सांगायची, न ओरडता, तोंड त्यांच्याकडे ठेवून. मी बघून तसं करायला शिकले. मी फोनमध्ये बघत बोलते, पाठ करून बोलते, दुसऱ्या खोलीतून बोलते. पंचवीसेक वर्षं असंच बोलले. हे सुधारायला वेळ लागणार आहे.

मग एका सकाळी पप्पांनी टीव्हीखालच्या कप्प्यातून माझं कोंबड्यांचं पत्रक काढलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं आणि म्हणाले, आता काढ. प्रेस शॉपमधल्या प्रत्येकाचे कान दरवर्षी तपासा, बोळे कुलपात ठेवू नका, आणि कान गेला म्हणून मशीनवरून काढू नका, काम बदलून द्या. मी मसुदा लिहून त्यांच्यासमोर वाचला. 'भांडवलाच्या कर्णकर्कश यंत्रणेने' अशी सुरुवात होती. ते म्हणाले, हे ओठांवर बसत नाही. लहान बोल. मी ते वाक्य काढलं. अजून थोडं दुखतं.

तेच लोक पुन्हा आले. मुलानं घरात काय बोलणं केलं ते मला माहीत नाही, पण त्याच्या वडिलांनी सतरंजीवर बसल्याबसल्या, काकांच्या आणि सगळ्यांच्या समोर, सांगितलं की नोकरी तिची, ती ठेवायची का सोडायची ते तीच बघेल, पोरं झाली तरी. मामाही आले होते. मामाला वगळून सुपारी फुटत नाही. या वेळी टीव्ही बंद होता आणि तरी सगळ्यांच्या खुर्च्या पप्पांकडेच होत्या. मुलाची आई त्यांच्याशी एवढ्या मोठ्यानं बोलत होती की शेजारची बाई दारात येऊन गेली.

"ओरडू नका, विहीणबाई," पप्पा म्हणाले. "नुसतं इकडं बघा."

मी सुपारीचं ताट घेऊन पुढे आले. तेवढ्यात मामा पुन्हा मुलाच्या वडिलांकडे झुकले, पण आता खिशातला रुमाल काढून तोंडासमोर धरला. काकांनी ते पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"मामा, रुमाल खाली घ्या," पप्पा म्हणाले. "मला काहीच दिसत नाही."

मामांनी रुमाल खाली घेतला. जेवायला किती वाजतील एवढंच विचारत होतो, ते म्हणाले. पप्पा म्हणाले, सुपारी फुटली की लगेच. आणि काकांच्या हातात अडकित्ता दिला.